विश्लेषण : थ्रीडी फाइल बदलताना बाप्पाची सोंड उजवीकडे कशी जाते?

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे काम वर्षभर चालते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर उत्सवाच्या कितीतरी महिने आधी खोक्यांत भरून न्हावा शेवा बंदरातून रवाना होतात. या व्यवसायाचा जीव साच्यात असतो. एक मूळ मूर्ती हाताने घडवायची, तिच्यावरून रबराचा साचा घ्यायचा आणि त्या साच्यातून शेकडो मूर्ती काढायच्या, ही जुनी रीत. आता मूर्तिव्यवसायात या साखळीच्या अगदी पहिल्या कडीत संगणक शिरला आहे. मूळ मूर्ती कधी थेट पडद्यावर घडते, कधी मातीची मूर्ती स्कॅन होते. मग हव्या त्या उंचीचा थ्रीडी प्रिंट निघतो आणि त्या प्रिंटवरून साचा घेतला जातो.

या सगळ्यात एक वाक्य सर्रास वापरले जाते : ‘फाइल पाठवा.’ कोणती फाइल, कोणत्या प्रकारातली, तिच्यात काय आहे आणि काय गळून पडले आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. स्कॅन करणारा एक प्रकार देतो, डिझाइन करणाऱ्याचे सॉफ्टवेअर दुसरा मागते, प्रिंट काढणाऱ्याचे तिसरा. मधल्या मध्ये फाइल दोन-तीनदा ‘कन्व्हर्ट’ होते. फोटो जेपीजीचा पीएनजी केला तरी गणपती गणपतीच दिसतो, म्हणून थ्रीडी फाइलचेही तसेच असेल असा आपला समज. तो चुकीचा आहे. दर बदलात काहीतरी कायमचे जाते, आणि त्याचा भुर्दंड मूर्तिकाराला बसतो. म्हणून माझे म्हणणे असे की, साचा कोणाच्या ताब्यात आहे याबाबत मूर्तिकार जितका दक्ष असतो, तितकाच तो मूळ फाइलबाबत असला पाहिजे आणि ती त्याला मिळालीच पाहिजे.

फाइलमध्ये नेमके असते काय?

थ्रीडी प्रिंटिंगमध्ये सर्वाधिक चालणारा प्रकार म्हणजे एसटीएल. १९८७ च्या सुमारास अमेरिकेतील थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीच्या पहिल्या प्रिंटिंग यंत्रांसाठी तो तयार झाला. त्याची कल्पना साधी आहे. वस्तूच्या पृष्ठभागावर छोट्या-छोट्या त्रिकोणांचे जाळे पसरायचे आणि फक्त त्या त्रिकोणांचे कोपरे नोंदवायचे. इंग्रजीत या जाळ्याला ‘मेश’ म्हणतात. आपल्याकडच्या कोळ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. जाळ्याचा आस मोठा असला तर बारीक मासळी निसटते, तसेच इथे त्रिकोण मोठे असले तर बारीक नक्षी निसटते. मुकुटावरचे मोती सपाट होतात, शेल्याच्या चुण्या पुसल्या जातात, पापणीची कड बोथट होते.

मग त्रिकोण लहान का ठेवत नाहीत? कारण फाइल फुगते. एसटीएलच्या बायनरी प्रकारात प्रत्येक त्रिकोणाला बरोबर ५० बाइट लागतात, सुरुवातीची ८४ बाइट वेगळी. नक्षीदार मूर्तीला २० लाख त्रिकोण सहज लागतात, म्हणजे १०० एमबी. व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून हल्ली दोन जीबीपर्यंतची फाइल जाते, तरी जुन्या कॉम्प्युटरवर उघडताना ती अडखळते. म्हणून कोणीतरी ‘हलकी करून देतो’ म्हणतो आणि त्रिकोण दहापट कमी करतो. हलकी झालेली फाइल छान उघडते. पुसलेले मोती त्यातून परत आणता येत नाहीत.

बारा इंचांची मूर्ती बारा मिलिमीटरची

एसटीएलमधला सगळ्यात गमतीचा भाग म्हणजे त्यात एकक नसते. कोपऱ्याची जागा ‘१२’ अशी लिहिलेली असते, पण १२ काय? इंच, सेंटिमीटर, मिलिमीटर, याचा पत्ता नाही. आपल्या कारखान्यांत मूर्तीची भाषा इंच आणि फुटांची. प्रिंटिंगच्या सॉफ्टवेअरची मिलिमीटरची. इंचात घडवलेली एक फुटाची मूर्ती तिथे उघडली की करंगळीच्या नखाएवढी दिसते. ब्लेंडर हे लोकप्रिय मोफत सॉफ्टवेअर मूळचे मीटरमध्ये विचार करते. तिथली एक फुटाची मूर्ती एकक न बदलता बाहेर काढली तर प्रिंटरला ती मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान वाटेल.

एवढी मोठी गफलत लगेच लक्षात येते, त्यामुळे तिचा त्रास नाही. त्रास होतो नंतर, जेव्हा ऑपरेटर म्हणतो, ‘थांबा, मोठी करतो’ आणि माउसने ओढून अंदाजे बारा इंचांजवळ आणतो. अचूक गुणक २५.४ आहे. अंदाजाने आणलेली मूर्ती साडेअकराची होते, हात वेगळ्या फाइलमध्ये असतात ते दुसऱ्याच अंदाजाने वाढवले जातात आणि प्रिंट हातात आल्यावर कळते की खांद्याच्या खोबणीत हात बसत नाही.

शाडूच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनंतर आणि त्यापुढच्या न्यायालयीन घडामोडींनंतर शाडूकडे वळण्याचा दबाव वाढला. प्लास्टर सुकताना जवळपास आकसत नाही, शाडू आकसते. ग्राहकाला नेमक्या उंचीची मूर्ती हवी तर ती घट धरून मूळ मूर्ती थोडी मोठी करावी लागते. हे गणित टक्क्यांचे आहे. ज्या फाइलला स्वतःचे मापच माहीत नाही तिच्यावर टक्के लावणार कसे?

यावर उपाय आहे आणि तो नवाही नाही. २०१५ पासून थ्रीएमएफ नावाचा प्रकार उपलब्ध आहे. त्यात एकक लिहिलेले असते, रंगही राहतो आणि आजची बहुतेक प्रिंटिंग सॉफ्टवेअर तो उघडतात. तरी ‘एसटीएल पाठवा’ हेच चालू आहे, कारण सगळे तेच मागतात.

सोंड उलटी होते ती अशी

आता मथळ्यातला प्रश्न. प्रत्येक सॉफ्टवेअर जागा मोजायला तीन दिशा वापरते : एक्स, वाय आणि झेड. ‘वर’ कोणती, यावर मात्र एकमत नाही. प्रिंटिंग आणि यंत्रांच्या जगात झेड म्हणजे वर. अॅनिमेशन आणि मोबाइलवर दिसणाऱ्या मॉडेलच्या जगात बहुधा वाय म्हणजे वर. त्यामुळे एका जगातली बसलेली मूर्ती दुसऱ्या जगात पाठीवर आडवी उघडते. ज्याने कधी थ्रीडी फाइल उघडली आहे त्याने हे पाहिले असणारच.

आडवी मूर्ती उभी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, तिला ९० अंशांत फिरवायचे. दुसरा, वाय आणि झेड यांची नुसती अदलाबदल करायची. दोन्हींनंतर मूर्ती उभी दिसते. पण पहिल्यात ती खरोखर फिरलेली असते, तर दुसऱ्यात तिचे आरशातले प्रतिबिंब झालेले असते. पटत नसेल तर दोन्ही हातांचे अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांशी काटकोनात धरून पाहा. दोन्ही हातांच्या त्याच बोटांना तीच नावे द्या आणि एक हात दुसऱ्यावर बसवायचा प्रयत्न करा. कसेही फिरवा, तिन्ही बोटे एकाच वेळी जुळणार नाहीत. सॉफ्टवेअरमध्येही ‘उजव्या हाताची’ आणि ‘डाव्या हाताची’ अशा दोन पद्धती आहेत. ब्लेंडर उजव्या हाताची पाळते, गेम बनवण्यासाठी वापरले जाणारे युनिटी डाव्या हाताची. एकातून दुसऱ्यात जाताना कोणीतरी एका दिशेचे चिन्ह बदलावे लागते. ते राहिले की आरसा उभा राहिलाच.

फुलदाणीच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. गणपतीच्या बाबतीत बिघडते. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक मानणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. प्रभादेवी किंवा सिद्धटेकचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा म्हणून त्याला वेगळा मान आहे. घरी बसवायला मात्र बहुतेक जण डाव्या सोंडेचा मागतात. सोंडेबरोबर बाकीचेही फिरते. आशीर्वादाचा उजवा हात डावा होतो, मोदक दुसऱ्या हातात जातो. आणि जानवे! डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीत जाणारे जानवे उजव्या खांद्यावरून डावीकडे येते, म्हणजे श्राद्धकर्मात करतात तसे अपसव्य. श्रद्धा असो वा नसो, असा साचा तयार झाला तर त्यातून निघालेल्या मूर्ती कोण घेणार?

‘एवढी मोठी चूक दिसणार नाही का?’ असे वाटेल. दिसते, पण उशिरा. आरशातल्या प्रतिबिंबात त्रिकोणांची दिशाही उलटते आणि मूर्तीची आतली बाजू बाहेर आल्यासारखी दिसते. ही तक्रार सॉफ्टवेअर पकडते, पण लगोलग आपणहून ‘दुरुस्त’ करते. पृष्ठभाग सुलटा होतो, मूर्ती मात्र आरशातलीच राहते. पडद्यावर ‘फाइलमध्ये कोणतीही त्रुटी नाही’ असा हिरवा शेरा येतो. यंत्राच्या दृष्टीने ते खरेच आहे. सोंड कुठल्या बाजूला असावी हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही. स्क्रीनवर राखाडी रंगाची, डोळ्यांची आखणी न झालेली मूर्ती पाहताना थकलेल्या माणसाच्याही हे पटकन लक्षात येत नाही. आणि ज्याच्या येईल तो मूर्तिकार त्या क्षणी दुकानात नसतो.

रंगाचे थोडक्यात सांगतो. एसटीएलमध्ये रंगाची अधिकृत सोयच नाही. ओबीजे या जुन्या प्रकारात रंग येतो, पण तो शेजारच्या एमटीएल फाइलमध्ये आणि एखाद्या फोटोत ठेवलेला असतो. तिघांपैकी एकटी ओबीजे पाठवली की पांढरीफटक मूर्ती उघडते. ग्राहकाला मोबाइलवर नमुना दाखवायचा असेल तर जीएलबी बरा. सगळे एकाच फाइलमध्ये मावते आणि त्यामागचे जीएलटीएफ हे मानक २०२२ पासून आंतरराष्ट्रीय आयएसओ मानक आहे.

परतीचा रस्ता नाही

इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये आम्हाला स्टेप नावाचा प्रकार शिकवला जायचा. त्यात वर्तुळ हे वर्तुळ म्हणूनच नोंदवलेले असते : केंद्र इथे, त्रिज्या इतकी. तेच वर्तुळ एसटीएलमध्ये गेले की शे-दोनशे सरळ रेषांचे तुकडे होते. तुकड्यांवरून ‘हे मूळचे वर्तुळ होते’ हे माणूस ओळखतो, फाइल ओळखत नाही. मूर्तीचेही तसेच. झीब्रश किंवा ब्लेंडरच्या मूळ फाइलमध्ये मुकुट वेगळा, दागिने वेगळे, सोंड वेगळी असते. उद्या मुकुट बदलायचा तर बदलता येतो. एसटीएलमध्ये सगळे सहसा एकजीव होऊन येते. त्यातून मुकुट सोडवणे म्हणजे वाळलेल्या शाडूतून पाणी परत मागणे.

दरवाजे, मखर, देव्हाऱ्यांवर नक्षी कोरणाऱ्या सीएनसी दुकानांत याचा दुसरा नमुना पाहायला मिळतो. तिथे आर्टकॅम या सॉफ्टवेअरच्या आरएलएफ फाइली वर्षानुवर्षे जपल्या आहेत. हा प्रकार उठावाचा आहे : प्रत्येक बिंदूला एकच उंची. भिंतीवरच्या गणपतीला तो पुरतो, पण पूर्ण मूर्ती त्यात घातली की पाठ नाहीशी होते आणि सोंडेच्या मागची पोकळी भरून जाते. त्याहून मोठी अडचण म्हणजे ऑटोडेस्क कंपनीने २०१८ मध्ये आर्टकॅमची विक्रीच थांबवली. पुढे कार्व्हेको या नावाने त्याचा वारसा चालू राहिला, तरी ज्यांचा सगळा ठेवा एकाच कंपनीच्या बंदिस्त प्रकारात आहे त्यांनी जुना कॉम्प्युटर बंद पडेल तेव्हा काय करायचे, हा प्रश्न राहतोच. रबराचा साचा फाटताना दिसतो. फाइल निकामी होते तेव्हा ती उघडायला जाईपर्यंत कळत नाही.

फाइल कोणाची?

इथे पैशाचा विषय येतो. मूर्तिकार स्कॅनिंगचे पैसे मोजतो आणि हातात काय घेऊन येतो? प्रिंट, फार तर एक हलकी केलेली एसटीएल. स्कॅनची मूळ, दाट फाइल दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहते. पुढच्या वर्षी मोठी मूर्ती करायची तर पुन्हा त्याच दुकानात जावे लागते. दुकान बंद झाले तर पुन्हा स्कॅन, आणि तोवर मूळ मातीची मूर्ती शिल्लक असेलच असे नाही. शिवाय त्या फाइलची प्रत कोणी काढली तर साच्यासारखी ती जागेवरून हललेली दिसत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्पाला कलाकृतीचे संरक्षण आहे. ते ‘उच्च दर्जाचे’ असले पाहिजे अशी अट नाही आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवणे हेही प्रत काढण्यातच मोडते. साच्यातून शेकड्यांनी निघणाऱ्या वस्तूंना डिझाइन कायदा लागतो का, ही गुंतागुंत वेगळी. ती न्यायालयात सहज सुटणारी नाही. पण त्या वादात पडण्याआधीच एक साधी गोष्ट करता येते. दरपत्रकावर दोन ओळी लिहून घ्यायच्या : मूळ स्कॅन फाइल ग्राहकाला मिळेल, आणि ग्राहकाच्या परवानगीशिवाय ती इतरांना दिली जाणार नाही. सोनाराकडे सोने टाकताना आपण वजनाची चिठ्ठी घेतो, हे तेवढेच आहे.

मूळ फाइल सर्वत्र वाटावी, असे मात्र मी म्हणत नाही. एसटीएल दरिद्री आहे, हा तिचा गुणही आहे. परदेशातल्या मंडळाला नमुना पाठवायचा असेल, दुसऱ्या कारखान्याला काम द्यायचे असेल, तर हलकी, एकजीव एसटीएल द्यावी आणि दाट मूळ फाइल घरात ठेवावी. (परदेशात थेट प्रिंट काढून तीच मूर्ती विसर्जित करण्याची कल्पना अधूनमधून ऐकू येते. प्रिंटरमधले पीएलए ‘मक्यापासूनचे’ असले तरी बादलीत विरघळत नाही. प्रिंट साच्यासाठी ठीक, विसर्जनासाठी नाही.)

हाच प्रश्न खांदेरीलाही

साचा बिघडला तर एक हंगाम वाया जातो. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर दुसरा घडवता येत नाही, म्हणून हीच गोष्ट किल्ल्यांच्या बाबतीत जास्त गंभीर आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले गेले. त्यातले रायगड आणि खांदेरी हे दोन आपल्या जिल्ह्यातले. थळसमोरच्या समुद्रातला, शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहे. खाऱ्या वाऱ्याला आणि लाटांना रोज तोंड देणाऱ्या अशा किल्ल्याचे लेझर स्कॅन ही त्याची वैद्यकीय नोंद असते. दहा वर्षांनी पुन्हा स्कॅन करायचे आणि कोणता दगड किती सरकला हे पाहायचे.

पण ही नोंद एसटीएलमध्ये बदलून ठेवली तर? एसटीएल प्रत्येक आकडा ३२ बिटांत साठवते, म्हणजे जेमतेम सात सार्थ अंक. नकाशाच्या यूटीएम पद्धतीत खांदेरीची जागा विषुववृत्ताच्या उत्तरेला २० लाख मीटरहून जास्त अंतरावर येते. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ ३२ बिटांत दोन शेजारच्या मूल्यांमधले अंतर साडेबारा सेंटिमीटर असते. मिलिमीटरमध्ये मोजलेली तटबंदी पायऱ्यापायऱ्यांची होते. दोन दगडांमधली फट, जी पाहण्यासाठी खटाटोप केला, तीच जाते. स्थानिक शून्यबिंदू धरून हे टाळता येते, पण मग तो शून्यबिंदू कुठे होता हे वेगळे लिहून ठेवावे लागते आणि असे कागद हरवतात, हा आपल्या सरकारी दप्तरांचा अनुभव.

स्कॅनच्या मूळ बिंदूंसाठी ई-५७ आणि लास यांसारखे खुले प्रकार आहेत. केंद्र सरकारचे ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण तर २०१० पासूनचे. म्हणून वारसास्थळांच्या स्कॅनिंगच्या प्रत्येक निविदेत मूळ बिंदू खुल्या प्रकारात, एकक आणि संदर्भबिंदूसह सुपूर्द करण्याची अट असावी आणि ती पूर्ण झाल्याशिवाय देयक निघू नये. पर्यटकांना मोबाइलवर फिरता येईल असे चकचकीत मॉडेल जरूर करा. ते त्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

दुकानात जाताना

पेणच्या मूर्तिकाराने फॉरमॅटचा अभ्यास करावा, अशी माझी अपेक्षा नाही. ते काम पैसे घेणाऱ्याचे आहे. पण तपासणी त्याच्या हातात राहावी यासाठी एक स्वस्त युक्ती आहे. मूर्ती स्कॅनला देण्याआधी पाटाच्या तळाला, ग्राहकाला दिसणार नाही अशा ठिकाणी, दोन-तीन अक्षरे कोरायची, स्वतःचे आद्याक्षर आणि उंचीचा आकडा. शेजारी बरोबर एक इंचाची रेघ ओढायची. फाइल कितीही हातांतून गेली तरी प्रिंट आल्यावर आधी तळ पाहायचा. अक्षर उलटे वाचले गेले तर सोंडही उलटी आहे. रेघ पट्टीवर एक इंच भरली नाही तर माप बिघडले आहे. अक्षराच्या कडा विरघळल्यासारख्या दिसल्या तर कोणीतरी फाइल हलकी केली आहे. रबर ओतण्याआधीचा हा दोन मिनिटांचा वेळ आहे. आणि शाडूची मूर्ती असेल तर तीच रेघ ती वाळल्यावर पुन्हा मोजावी, आपली माती नेमकी किती आकसते तेही कळेल.